दसऱ्याला जन्मलेली वाडी

२० जानेवारी १९७४, रविवार

पारू, ही वही कोणाची आणि तुझ्याकडे कशाला आली, हे तू दुसरं पान उलटेपर्यंत विसरशील. मागच्या खेपेला उरणहून आलीस ती एका पायात तुझी चप्पल आणि दुसऱ्या पायात जावेची घालून. म्हणून पहिल्याच पानावर लिहून घेते. बोलणारी मी गंगाबाई, तुझी आई. लिहिणारी जना, तुझ्या भावाची, चंदरची लेक. मला अक्षर येत नाही, एवढं तरी तुझ्या ध्यानात असेल.

वही औषधाच्या कंपनीची आहे. कशेळ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना आली, त्यांनी जनाला दिली. पानापानावर तारीख छापलेली. जना म्हणाली, आजे, रोज काय लिहू मी? म्हटलं, तू कशाला लिहितेस, मी बोलते. भरली की पारूला पाठवू. मी 'हाय' म्हणते आणि ही 'आहे' लिहिते. मॅट्रिकला इंग्रजीत आपटलेल्या पोरीचा मराठीतला तोरा बघ.

आता बातमी. बाईंच्या जीपचा ड्रायव्हर सदू एसटीत लागला, मे महिन्यात जाणार. डोंगरात बाळंतीण अडली की बाईंना तिथे दिवस दिवस थांबावं लागतं. दुसरा कोणी ड्रायव्हर तसा थांबत नाही, अर्ध्यातच हॉर्न वाजवायला लागतो. बाई जनाला म्हणाल्या, तू केसपेपर लिहितेस तशी गाडीही शिक. पण मार्चपर्यंत शिकाऊ लायसन काढलंस तरच. म्हणजे सदू एप्रिलभर शेजारी बसून शिकवील. नाहीतर कल्याणचा एक माणूस ठरवून ठेवलाय.

चंदर म्हणाला, मार्चपर्यंत जमलं तर माझी ना नाही. नाही जमलं तर वैशाखात लग्न. खोपोलीकडचं स्थळ थांबलंय.

जना 'हो बाबा' म्हणाली आणि जेवताना दोनदा मीठ घेतलं.

२७ जानेवारी

सदूने चित्रांचं पुस्तक दिलंय, रस्त्यावरच्या पाट्यांचं. जन्मात पहिल्यांदा मला वाचता येणारं पुस्तक घरात आलं. इंजिनाचं चित्र म्हणजे पुढे बिनफाटकाचे रूळ. दोन पोरं पळताहेत म्हणजे शाळा. नागमोडी रेघ म्हणजे वळणं. मी तीन दिवसांत सगळं पाठ केलं. जना अजून अरुंद पूल आणि अरुंद रस्ता यांत अडकते.

मी पीठ मळता मळता विचारते, ती चुलीपुढून सांगते. चुकली की मी तिच्या पाठीत पिठाचा हात उमटवते. काल ती तशीच दवाखान्यात गेली. बाईंनी विचारलं, हे काय? म्हणाली, अरुंद पूल.

३ फेब्रुवारी

आता हाताच्या खुणा. उजवीकडे वळायचं तर हात खिडकीबाहेर सरळ. थांबायचं तर हात वर. हळू करायचं तर पंखासारखा वरखाली. डावीकडे वळायचं तर हात गोल फिरवायचा, दही घुसळल्यासारखा. मी सरपण घेऊन येताना वळणावर हात गोल फिरवला, तर मागून येणारा लडकू गाडीवान बैल उभे करून म्हणतो, मावशे, कोणाला बोलावतेस? म्हटलं, कोणाला नाय रं, वळतेय. तो अजून हसत असेल.

लायसन देणारे साहेब ठाण्याकडून येतात, महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी, कर्जतच्या डाकबंगल्यापुढे टेबल टाकून बसतात. येत्या तेराला जायचं. डोळ्यांचा कागद बाईंनी दिला. वयाला शाळेचा दाखला चालतो म्हणे. जनाने विचारलं, आजे, अठरा पुरी झाली ना मला? म्हटलं, कधीच उलटली. तुझी नाळ मी कापलीय, मला विचारतेस?

शाळेचं नाव निघालं म्हणून सांगते. पारू, तू तेव्हा उरणला होतीस. वाडीतली पाच पोरं एकदम शाळेत घालायला आम्ही बाया गेलो होतो. मास्तर म्हणाले, जन्मतारीख? पुढे मीच होते. मी म्हटलं, लिवा दसरा, ज्या दसऱ्याला आमी धम्मात आलो तो. नागपूरला त्या दिवशी झालं, आपल्या वाडीला धम्म पुढच्या साली मिळाला, पण दिवस आम्ही तोच धरलेला. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं, चौदा ऑक्टोबर छप्पन. माझ्यामागून सगळ्या बायांनी तेच सांगितलं. पाच पोरं, एक तारीख. शाळेत दुसऱ्या कोणाचा असा थाट आहे का? जुने देव नदीत सोडले होते, जुन्या तारखा कशाला ठेवायच्या?

जना लिहिता लिहिता बोटं मोजायला लागली. म्हटलं, मोजतेस काय, लिही. तिने लिहिलं. मग चुलीकडे गेली, ती बराच वेळ आली नाही.

१३ फेब्रुवारी, बुधवार

नाही झालं. साहेबांनी दाखला बघितला आणि म्हणाले, सतरा वर्षं चार महिने. ऑक्टोबरात या. पुढचा कोण?

एक पाटीसुद्धा विचारली नाही.

१७ फेब्रुवारी

चार दिवस माझा पाय एका जागी ठरत नाही. झाडायला घेते आणि अर्ध्या अंगणात झाडू टाकून रस्त्यावर जाते. दाणे निवडायला बसते आणि उठते. रस्त्याला उभी राहून कशेळ्याकडे जाणाऱ्या गाड्या बघते. त्यात काय बघायचं असतं, तेही कळत नाही.

जना मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मी दोन उलट बोलले असते. ती केसपेपर लिहायला जाते, येते, भांडी घासते. पुस्तक तिने सदूला परत दिलं. मी म्हटलं, माझं वाचून नव्हतं झालं. त्यावरही हसली नाही.

खरा जन्म तिचा छप्पनच्या आधीचा, आंब्याच्या दिवसांतला. तिच्या आईच्या माहेरी, चौक गावाच्या पलीकडे, खालापूरच्या अंगाला. सोमीला पहिलंच बाळंतपण जड गेलं म्हणून मी तिथे गेले होते. दुसऱ्या खेपेला सोमी इथेच होती. तेव्हा अडली, म्हणून बैलगाडीत घातली, पण कर्जतच्या अलीकडेच गेली. पोरही गेलं. जना तेव्हा गाडीच्या मागे चालत होती, सहा वर्षांची. जीपचं वेड तिला आजचं नाही हे मला कळायला पाहिजे होतं. मी आपली पाट्या पाठ करत बसले.

२० फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी वाट सांगितली. खालापूरच्या कचेरीत जन्माची जुनी बुकं आहेत. तिथला उतारा आणला तर शाळेच्या दाखल्यापेक्षा वजनदार.

मी संध्याकाळी चंदरला सांगितलं. मला वाटलं खूश होईल. तो रेल्वेच्या गँगवरून आला होता, पाय धूत होता. लोटा तसाच धरून राहिला. म्हणाला, आये, त्या बुकात काय लिहिलेलं असतं माहीत आहे ना तुला? म्हटलं, पोरीची तारीख. म्हणाला, तारखेच्या पुढच्या घरात जात असते. तो कागद या दारातून आत येणार नाही. ऑक्टोबरात लायसन काढू दे, नाहीतर नको काढू दे.

विहाराचा चिटणीस आहे ना तो. समितीत चार माणसं काय म्हणतील याची भीती, दुसरं काय.

पण पारू, शपथ मीही घेतली होती. जुनं नाव तोंडाने घ्यायचं नाही, घरात आणायचं नाही. त्या दिवशी पांढरं लुगडं नेसून सगळ्यांत मोठ्या आवाजात मीच म्हटली होती. आता काय करू ते सांग. तू तरी काय सांगणार, तुला तुझी चप्पल ओळखू येत नाही.

२७ फेब्रुवारी

गेलो. मी आणि जना. चंदरला सांगितलं नाही. एसटीने चौक, चौकाहून दुसऱ्या एसटीने खालापूर. कचेरीतल्या माणसाने साल विचारलं. म्हटलं, आमच्या वाडीच्या धम्माच्या मागचं साल नाय, त्याच्याही मागचं. आंबे उतरत होते, चांदणं होतं. तो म्हणाला, आजी, चांदण्याचं बुक नसतं इथे. पण भला माणूस. तीन बुकं काढली, तिसऱ्यात सापडलं. त्यावरून उतारा लिहून शिक्का मारून दिला.

बाहेर आंब्याखाली बसलो. म्हटलं, वाच. जनाने वाचलं: तीन मे पंचावन्न, मुलगी, बापाचं नाव चंदर धर्माजी, खबर देणार येसाजी. येसाजी म्हणजे सोमीचा बाप, जनाचा आजा. गावातल्या जन्ममरणाची खबर पाटलाला नेऊन द्यायचं काम तेव्हा आपल्याच माणसांकडे असे. स्वतःच्या नातीची खबरही त्यानेच चालत नेली होती.

पण वाचलं ते फारच गुळगुळीत वाटलं मला. म्हटलं, जने, त्या काळी आपल्या माणसाला 'जी' कोण लावायचं गं? जे लिवलंय ते वाच.

तिने कागद मांडीवर ठेवला आणि वाचलं. बाप चंदऱ्या धर्म्या. जात महार. खबर देणार येश्या महार. मुलगी, नाव नाही.

समोर एक माणूस उसाचा रस काढत होता. मी म्हटलं, रस पिणार का? ती म्हणाली, नको. मी म्हटलं, मला पाहिजे. दोन ग्लास घेतले, दोन्ही मीच प्यायले.

२८ फेब्रुवारी

कागद ट्रंकेवर ठेवला होता, लपवला नाही. चंदर आला, त्याला दिसला. हातात घेतला नाही. उंबऱ्याशी उभा राहून जनाला एवढंच विचारलं, माझ्या आबांचं नाव कसं लिहिलंय? तिने खरं सांगितलं.

तो म्हणाला, सतरा वर्षं हा शब्द मी दाराबाहेर ठेवला, आये.

मी म्हटलं, मग आता तूच कागदापासून लांब उभा राहिलास काय रं?

तो न जेवता गेला. विहारात बसला असेल.

असं बोलायला नको होतं. जना, हे लिहिलंस? खोडू नकोस, राहू दे. लहानपणी शाळेत त्याला बाहेर ओटीवर बसवत, हे मला आठवलं, पण बोलून झाल्यावर. मास्तर हजेरी घेताना आतूनच हाक मारायचा, हा बाहेरून 'हजर' म्हणायचा. कशी हाक मारायचा ते मी कधी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

६ मार्च

चंदर सहा दिवस बोलत नाही. भाकरी खातो, डबा घेतो, पळसदरीला रुळावर जातो. मी मुद्दाम कालवणात मीठ घातलं नाही, तरी बोलला नाही.

उताऱ्यात मुलीचं नाव नाही, म्हणून ती मुलगी म्हणजेच जना असं कोणीतरी शपथेवर सांगायला पाहिजे. जन्माला हजर होती ती मी एकटी उरले. म्हणून आज कर्जतच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून चष्म्यावरून बघणारा. मी सांगत गेले, तो लिहीत गेला, आणि मग वाचून दाखवलं: मी, गंगाबाई, नातीची चुकीची जन्मतारीख शाळेत सांगितली.

मी अंगठा मागे घेतला. म्हटलं, चुकीची नाय.

तो म्हणाला, अहो आजी, तुम्हीच सांगताय तीन मे. मग दसरा चुकीचाच की. माणूस एकदाच जन्मतो.

त्याच्या पातळ सदऱ्यातून जानवं दिसत होतं. म्हटलं, साहेब, तुमच्यात मुंज लागली की दुसरा जन्म झाला म्हणतात. खरं का?

म्हणाला, ते वेगळं.

म्हटलं, वेगळं कसं? तुमच्यात एकेक पोरगा जन्मतो. आमी सगळी वाडी एका दिवशी जन्मलो. तुमचा धरता, मग आमचा चुकीचा कसा?

पलीकडच्या टेबलावरचा शिपाई खाली बघून हसला. जनाने माझं लुगडं ओढलं. कारकुनाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं आता हाकलतो. पण त्याने 'चुकीची' खोडलं आणि विचारलं, मग काय लिहू? म्हटलं, 'दुसरी' लिवा. नातीची दुसरी जन्मतारीख शाळेत सांगितली.

तो म्हणाला, कायद्यात असं बसत नाही. म्हटलं, मी तरी कुठे बसलेय, सकाळपासून उभीच आहे. शेवटी त्याने लिहिलं, 'शाळेत वेगळी तारीख सांगितली'. म्हटलं, चालेल. अंगठा दिला. शाई अजून गेली नाही.

१० मार्च

पुस्तक सदूकडून परत आणलं. जना पुन्हा चुलीपुढून उत्तरं देते, पण आवाजात धार नाही. मध्येच विचारते, आजे, साहेब तो कागद मोठ्याने वाचतील का गं, सगळ्यांसमोर? म्हटलं, त्यांना कशाला वेळ असतो. मग मीही तेच विचारत घरभर फिरत बसले. आज तीन वेळा पाणी भरलं. हंडे भरलेलेच होते.

१३ मार्च, बुधवार

आज झालं ते सगळं लिही, जने, आणि घाई करू नकोस.

डाकबंगल्यापुढे पंधरा-वीस माणसं. ट्रकवाले, टेंपोवाले, एक दाढीवाला सरदारजी. पोरगी एकच. साहेब तेच, मागच्या वेळचे. ओळख पटली नाही. मी कागद पुढे केले: शाळेचा दाखला, उतारा, माझ्या अंगठ्याचा कागद. मनातल्या मनात वाचले त्यांनी. ओठसुद्धा हलवले नाहीत. मी सुटले म्हणून श्वास सोडला, तोच म्हणाले, वय ठीक आहे, पण नाव जुळत नाही. अर्जात बाप चंदर धर्माजी. इथे दुसरंच आहे. आणि वाचलं त्यांनी. वाईट मनाने नाही, कागदावर होतं तसं. मोठ्याने.

"चंदऱ्या धर्म्या कोण?"

ट्रकवाल्यांच्या माना वळल्या. जना जमिनीकडे बघत होती. मी बोलायला तोंड उघडलं. पारू, तुझ्या आईला शब्द सापडला नाही, हे तुला खरं वाटणार नाही.

तेवढ्यात कुंपणाच्या बाजूने चंदर आला. गँगच्या कपड्यांत, पायाला खडीची धूळ. मी त्याला मघाशीच कुंपणाबाहेर बघितलं होतं. म्हटलं स्टेशनवर काही काम असेल, चहाला थांबला असेल. जनाला तर तो दिसलाच नव्हता.

टेबलापुढे येऊन सरळ उभा राहिला, हात पाठीशी.

"मी, साहेब. हजर."

साहेबांनी वर बघितलं. चंदरने खिशातून रेल्वेचा पास काढून ठेवला. म्हणाला, आता माझं नाव हे. वडिलांचं नाव धर्माजी. बुकात लिहिणाऱ्याने तसं लिहिलं, आम्ही तसे नव्हतो.

साहेबांनी पास बघितला, उतारा बघितला. उताऱ्याच्या खाली चंदरची सही घेतली, आजच्या नावाची. चंदरने सही सावकाश केली. कागद हातात धरूनच केली.

मग जनाला परीक्षा. पाच पाट्या विचारल्या, चार बरोबर. अरुंद पुलावर अडकली. मी मागून पिठाचा हात दाखवला, पण साहेब म्हणाले, आजी, तुम्ही मागे सरका. हाताच्या खुणा सगळ्या बरोबर. शेवटी विचारलं, मुली, जीप कशाला शिकतेस? मला वाटलं ही आता सोमीचं सांगते की काय. ती म्हणाली, "सदू मेपासून एसटीत जातोय, साहेब." त्यांनी शिक्का मारला.

परत येताना तिघे एका एसटीत. चंदर पुढे बसला, आम्ही मागे. उतरताना जनाच्या हातातलं लायसन मागून घेतलं, दोन्ही बाजूंनी बघितलं, आणि आपल्या पासाच्या पाकिटात ठेवलं. म्हणाला, पावसात भिजेल. तेव्हा कडक ऊन होतं.

जना, रडतेस काय गं, शाई पसरेल.

७ एप्रिल, रविवार

पारू, अक्षर वेगळं दिसतंय ना? तुला दिसणार नाही, म्हणून सांगते. जना आता कशेळ्यालाच राहते, दवाखान्याच्या मागच्या खोलीत. लिहितोय चंदर. मी म्हटलं, वही अर्धी आहे, पानं फुकट जातील. तो म्हणाला, मला वेळ नाही. मग पेन घेऊन बसला.

जीपला पुढे-मागे लाल रंगात इंग्रजी अक्षर काढलंय, शिकाऊ म्हणून. सदू शेजारी बसतो आणि दोन्ही हातांनी दार धरून ठेवतो. परवा ती वाडीवरून गेली. मला बघून खिडकीतून हात काढला आणि वरखाली केला, हळू करण्याची खूण. गाडी हळू केली नाही ती नाहीच. बाईंनी आत कपाळाला हात लावलेला मला दिसला.

खोपोलीचं स्थळ आलं होतं. चंदरनेच सांगितलं, मुलगी नोकरीला लागली, आता तिला विचारा. हे तो लिहायला तयार नव्हता, मी लिहायला लावलं.

वाडीतल्या बाकीच्या चार पोरांच्या आया विचारायला आल्या, आमच्या तारखांचं काय? चंदर म्हणाला, विहारात बसून ठरवू. दसरा सोडायचा नाही, पण खालापूरला, कर्जतला जाऊन आपापले उतारे काढून ठेवायचे. ज्याला हात लावायचा नसेल त्याचा कागद मी आणतो म्हणाला. हे शेवटचं त्याने लिहिलं नव्हतं, मी परत वाचून घेतलं तेव्हा कळलं. पुन्हा लिहायला लावलंय.

मला मात्र अजून चैन नाही. परवा खबर आली म्हणून ती डोंगरात गेली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. तोवर मी चार वेळा रस्त्यावर जाऊन आले. बाळ-बाळंतीण बरी. तिथे दिवसभर थांबायचं म्हणजे खायला लागतं, आणि डोंगरातल्या माणसांचं आधीच थोडं असतं, त्यांच्यातलं कसं खायचं? म्हणून तुला सांगते, आणि हे तरी विसरू नकोस. सोड्यांची चटणी कर, तेल भरपूर, लसूण कमी, सदूला वास चालत नाही. काचेच्या बरणीत नको, जीप आपटते, डब्यात भर. सुका जवळा भाजून वेगळा बांध. आणि चंदर म्हणतो, म्हणतो कसला, पेन थांबवून बसलाय म्हणजे त्याच्या मनात आहे, की बोंबील थोडे जास्त पाठव, त्यातले चार त्याच्यासाठी.